ड्राइव्ह दुसऱ्या पाहुण्याच्या वापरात आहे

२ मार्च, मंगळवार

हॉस्पिटलचा सर्व्हर नव्या आवृत्तीवर न्यायचं काम आज साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं. महिनाअखेरीच्या आत, रुग्णांची गैरसोय न करता, आणि जादा माणूस न मागता. हे शेवटचं ते अशा आवाजात म्हणाले की क्षणभर मला बढती मिळाल्यासारखंच वाटलं. कामाची रोज नोंद ठेवा, असंही म्हणाले. ती मी ऑफिसच्या संगणकावर ठेवेनच, सभ्य भाषेत. ही वही उरलेल्या भाषेसाठी.

आमचा सर्व्हर म्हणजे एकच मोठं यंत्र, पण आत भिंती घालून त्याचे भाग पाडलेले. एक भाग यजमान, बाकीचे पाहुणे. लॅबचा एक पाहुणा, औषध भांडाराचा एक, बिलांचा एक. प्रत्येक पाहुण्याची ठाम समजूत असते की अख्खं यंत्र आपल्याच मालकीचं आहे, आणि यजमान ती समजूत मुकाट्याने जपतो. वीज यजमानाची, जागा यजमानाची, डिस्क वाचायचा ड्राइव्हसुद्धा यजमानाचा. पाहुण्यांनी फक्त वापरायचं आणि वर कुरकुर करायची.

संध्याकाळी घरी आलो, म्हणजे ताईकडे. माझ्या घराच्या फरशा आणि नळ बदलून रंग द्यायचं काम निघालं म्हणून चार दिवस इथे राहायला आलोय. मिस्त्री लोकांचे चार दिवस केवढे लांबतात हे काय सांगायचं. भाचीची खोली मला दिली आहे. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास करते. तिला तिथेच बरं पडत असावं, खाऊचे डबे हाताशी असतात.

मी ताईला म्हटलं, मिस्त्रीच्या मागे लागतो, लवकरच जातो. ती म्हणाली, "असू दे रे." अशी बहीण असायला भाग्य लागतं.

४ मार्च, गुरुवार

जेवताना ताईने बातमी दिली. भाचीला एका लांबच्या विद्यापीठाने मुलाखतीला बोलावलंय, संशोधनासाठी. जागा एकच आहे आणि पोरीने दोन वर्षं तिचा ध्यास घेतलाय. विषय गांधीलमाश्या. माणसं ज्यांच्यापासून लांब पळतात त्यांच्यामागे आमची भाची पळणार. मुलाखत संगणकावरूनच, चौदा तारखेला, रविवारी तीन वाजता. "तासभर शांत खोली लागेल तिला, दार लावून बसता येईल अशी," ताई म्हणाली. मी मान डोलावली आणि अभिनंदन केलं. त्या वेळी मी फोनवर सर्व्हरची माहितीपत्रकं वाचत होतो, पण अभिनंदन अगदी मनापासून केलं.

भाऊजी काही बोलले नाहीत. ते तसेही बोलत नाहीत. मी आल्यापासून तर फारच कमी बोलतात. वयाबरोबर माणसं शांत होतात.

८ मार्च, सोमवार

आज कामाचा श्रीगणेशा केला आणि पहिल्याच पायरीवर आपटलो.

नवी आवृत्ती डिस्कवर येते. पूर्वी खरी तबकडी यायची, खऱ्या खाचेत जायची, फिरताना घरघर करायची. आता तबकडी नाही, तिची नुसती प्रतिमा असते. खाच नाही, तिचाही आभासच. म्हणजे यजमानाने नसलेल्या खाचेत नसलेली तबकडी घालायची आणि पाहुण्यांनी ती आळीपाळीने वाचायची. नियम एकच. एका वेळी ड्राइव्ह एकाच पाहुण्याच्या हातात. त्याने काम झालं की आपणहून सोडायचा, मग पुढच्याने घ्यायचा. यजमानाला तो हिसकावून घेता येतो, पण पाहुणा त्याने बिथरतो, कधीकधी आडवा होतो. म्हणून शहाणे यजमान वाट पाहतात.

मी डिस्क चढवली, बिलांच्या पाहुण्याला सांगितलं वाच. उत्तर आलं: "ड्राइव्ह दुसऱ्या पाहुण्याच्या वापरात आहे." कोणत्या, ते सांगायचं नाही. यंत्रसुद्धा शेवटी नोकरी टिकवायला शिकतं.

प्रत्येक पाहुण्याच्या दाराची किल्ली त्या त्या विभागाकडे असते, त्यामुळे मला घरोघर फिरणं आलं. लॅबवाल्या बाई म्हणाल्या, माझ्यासमोर रक्ताच्या एवढ्या नळ्या आहेत, तुमचा ड्राइव्ह मी कुठे ठेवू. औषध भांडाराचे प्रमुख, ज्यांना सगळे गोळ्यावाले म्हणतात, त्यांनी बराच वेळ विचार केला आणि सांगितलं की असलं काही स्टॉकमध्ये नाही. बिलवाल्यांनी सांगितलं, लेखी द्या.

माझा संशय लॅबवाल्या बाईंवर आहे. ज्याला खरंच काही माहीत नसतं तो इतका चिडत नाही.

१० मार्च, बुधवार

दोन दिवस झाले, ड्राइव्ह अजून कोणीतरी दाबून बसलंय. आज सगळ्या विभागांना एक मेल धाडला. इतका फक्कड उतरला की जेवताना घरच्यांना वाचून दाखवल्याशिवाय राहवलं नाही:

"सर्व पाहुण्यांस कळवण्यात येते की, काम झाल्यावर जागा मोकळी करणे ही साधी रीत आहे. आपण चार दिवसांसाठी घेतलेली वस्तू कायमची आपली होत नाही. आपल्यामुळे कोणीतरी दुसरे खोळंबले आहे याची जाणीव असावी. यजमान काही बोलत नाही, याचा अर्थ त्याला त्रास होत नाही असा नव्हे."

भाऊजींनी घोट घोट करत अख्खा पेला पाणी संपवलं. भाचीला ठसका लागला आणि ती उठून बाहेर गेली. ताई माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "जेव, गार होतंय."

घरच्यांना तांत्रिक विषयात रस नसतो. त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची.

नंतर भाऊजी हात धुताना म्हणाले, "मेल चांगला आहे. शेवटचं वाक्य तर फारच." या माणसाला भाषेची जाण आहे, हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं.

१२ मार्च, शुक्रवार

मिस्त्री ऑफिसवर येऊन घराची किल्ली देऊन गेला. काम गेल्या महिन्यातच झालंय म्हणे, तुम्हीच फोन उचलत नव्हता. आता याच्याशी कोण वाद घालणार.

सुटल्यावर घर बघून आलो. फरशा सरळ बसल्या आहेत, नळ गळत नाहीत. इंटरनेटचा डबासुद्धा हिरवे दिवे लावून बसलाय, कोणाची वाट बघतोय कोण जाणे. दार उघडल्या उघडल्या सवयीने मी "आलो गं" म्हणालो. आईला जाऊन वर्ष होत आलं, पण जिभेला कोणी कळवलेलं नाही. तिच्या खोलीत नवी फरशी फार चकचकीत दिसते. तिथे तिचा पलंग होता असं ती फरशी अजिबात कबूल करत नाही. मी स्वयंपाकघरात थोडा वेळ बसलो, दिवा न लावता. खरं सांगायचं तर मला त्या घराची भीती वाटते. भुताखेताची नाही, दार उघडल्यावर "आलास का" असं कोणी म्हणणार नाही, त्याची.

शिवाय रंगाचा वास फार आहे. तो जाईपर्यंत ताईकडेच थांबलेलं बरं. ताईला तसं सांगितलं. ती भांडी पुसत होती. "असू दे," म्हणाली. आज नुसतंच "असू दे". "रे" नव्हतं. दमली असेल.

सर्व्हरचं आता ठरवून टाकलंय. रविवारी, चौदा तारखेला दुपारी गर्दी कमी असते. तेव्हाच सगळ्या विभागांना फोनवर घेऊन एकेका पाहुण्याची झडती घ्यायची. रविवारी ऑफिसचं दार उघडायचं तर रखवालदाराला तीन सह्यांचा कागद लागतो, म्हणून घरूनच करीन.

१४ मार्च, रविवार

आजचा दिवस वाया गेला.

दुपारी दोनला खोलीचं दार लावून बसलो. लॅबवाल्या बाई त्यांच्या घरून, गोळ्यावाले त्यांच्या घरून, बिलवाले कोणाच्या तरी साखरपुड्यातून. एकेकाला सांगितलं, तुमच्या पाहुण्यात शिरा, ड्राइव्ह धरलेला आहे का बघा. लॅबमध्ये नाही. औषधांत नाही. बिलांत नाही. तिघेही हात वर करून मोकळे, आणि यजमान मात्र शपथेवर सांगतोय की ड्राइव्ह कोणीतरी धरलाय. लॅबवाल्या बाईंना पुन्हा बघा म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मी एकदा बघितलं की बघितलं असतं. माझ्या रिपोर्टवर ऑपरेशनं होतात." मी म्हटलं, कोणीतरी खोटं बोलतंय. मग फोनवर सगळेच एकदम बोलायला लागले.

त्यात घरात ही वर्दळ. भाचीने दार वाजवलं. "मामा..." मी म्हटलं, दहा मिनिटं. थोड्या वेळाने पुन्हा वाजवलं. पुन्हा म्हटलं, दहा मिनिटं. मग ताईने वाजवलं. मी दाराआडूनच ओरडलो, "ताई, हॉस्पिटलचा प्रश्न आहे." हे वाक्य फार कामाचं आहे. त्यापुढे कोणी बोलत नाही. तीही बोलली नाही.

ताईच्या खोलीसमोर रस्ता खणताहेत, बाहेरच्या खोलीला दारच नाही. माणसाने एकाग्र व्हायचं कुठे? नशीब की माझी खोली मागच्या बाजूला आहे.

मधेच खिडकीतून खाली बघितलं तर भाची भाऊजींच्या गाडीत मागच्या सीटवर बसलेली. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस नीट बांधलेले, मांडीवर लॅपटॉप, काचा वर. बाहेर हे एवढं ऊन. भाऊजी गाडीपासून थोडं लांब उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडावर बोट ठेवून गप्प करत होते. चेंडू खेळणाऱ्या पोरांना पिटाळलं. स्कूटर काढायला आलेल्या एका गृहस्थांच्या तर चक्क पाया पडायचे बाकी राहिले होते. सुट्टीच्या दिवशी माणसाला काय काय छंद सुचतात.

पाच वाजता मी हार मानली. रात्री जेवायला बसलो. भाचीने ताटाला हात लावला नाही. ऊन बाधलं असेल.

१५ मार्च, सोमवार

सापडला.

सकाळी साहेबांनी विचारलं, एकूण पाहुणे किती? मी म्हटलं, तीन. ते म्हणाले, लिहून द्या. लिहून द्यायचं म्हणून यजमानाच्या पडद्यावरची नावं बघायला गेलो. पडद्यावर एका वेळी तीनच मावतात. आज काय वाटलं कोण जाणे, मी खाली सरकवलं. खाली चौथा होता.

त्याचं नाव "चाचणी". तो माझा. गेल्या वर्षी एक गोष्ट तपासून बघायची म्हणून मी तो उभा केला होता, ड्राइव्ह त्याच्या हातात दिला होता, आणि विसरलो होतो. तेव्हापासून हे महाशय यजमानाची वीज खात, ड्राइव्ह छातीशी धरून, काहीही न करता बसून होते. त्यांची किल्लीही माझ्याकडेच होती. जगभर मेल धाडले, बाईंना खोटारडं ठरवलं, आणि स्वतःला तेवढं विचारायचं राहिलं. "चाचणी"त शिरलो, ड्राइव्ह सोड म्हटलं. त्याने एका झटक्यात सोडला. कोणी म्हणायचीच खोटी होती.

हे सगळं मी रात्री जेवताना रंगवून सांगितलं. आपली फजिती आपणच सांगितली की लोक मनमोकळे हसतात, असा माझा अनुभव आहे. आज कोणी हसलं नाही.

भाऊजींनी विचारलं, "तो चौथा पाहुणा तू किती दिवसांसाठी ठेवला होतास?"

"चार दिवसांसाठी," मी म्हटलं.

"हं," भाऊजी म्हणाले. आणि पुढचा घास घेतला.

भाची उठून गेली. तेव्हा ताईने हातातला डाव खाली ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "काल तीन वाजता तिची मुलाखत होती. तिने गाडीत बसून दिली. मधे दोनदा आवाज गेला, मग चित्रच गेलं. त्यांनी पुन्हा कळवतो म्हणून सांगितलंय."

मी म्हटलं, अगं मग सांगायचं नाही का?

"तुला चार तारखेला सांगितलं होतं. काल दोघींनी मिळून तीनदा दार वाजवलं," ताई म्हणाली. "आणखी कसं सांगायचं, तेवढं तूच सांग."

खोलीत आलो. ही खोली मी आज पहिल्यांदा नीट बघितली. भिंतीवर गांधीलमाश्यांच्या घराची चित्रं आहेत, तिने हाताने काढलेली, एकेक कप्पा मोजून. त्यांतल्या दोन चित्रांवर मी माझे शर्ट अडकवलेत. टेबलाच्या खणात तिची पुस्तकं एकावर एक कोंबलेली आहेत, कारण वर माझ्या तारा आहेत. मला स्वतःची शरम वाटली. अजून वाटतेय. दहा तारखेचा तो मेल मी मोठ्याने वाचून दाखवला होता. हावभावांसकट.

१६ मार्च, मंगळवार

सकाळी सामान भरलं. एवढं सामान चार दिवसांसाठी कोणी आणत नाही, हे भरताना लक्षात आलं.

भाची दात घासत बाहेर आली. मी तिला म्हटलं, माझं चुकलं. तिने तोंडातल्या फेसातूनच काहीतरी उत्तर दिलं. मी ते "ठीक आहे" असं धरून चाललोय. दुसरंही काही असू शकेल.

ताईला म्हटलं, येतो. रंगाचा वास गेला असेल. मी मनात वाट बघत होतो की ती "असू दे रे" म्हणेल. ती म्हणाली नाही. दारापर्यंत आली, माझ्या शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणाली, "पोचल्यावर फोन कर." भाऊजींनी मोठी बॅग माझ्या हातातून काढून घेतली आणि मला सोडायला आले. वाटेत आज ते बोलले, चांगले भरभरून बोलले. वयाबरोबर माणसं शांत होतात, हे मी खोडतो.

ऑफिसात सगळ्या विभागांना दुसरा मेल पाठवला. त्यात फक्त खरं ते लिहिलं. गोळ्यावाल्यांनी स्टॉक मिळाल्याबद्दल अभिनंदन केलं. बिलवाल्यांनी लेखी मिळाल्याची पोच दिली. लॅबवाल्या बाईंनी एकच ओळ लिहिली: "माझा अहवाल बरोबर होता, याची नोंद घ्यावी." घेतली.

घरी आलो. "आलो गं" म्हणालो. मग सगळे दिवे लावले.

२१ मार्च, रविवार

तीन सह्यांचा कागद मिळवून ऑफिसात जाऊन बसलो. रखवालदाराने तो कागद उलटा धरून वाचला आणि आत सोडलं. तिन्ही पाहुणे नव्या आवृत्तीवर गेले. ड्राइव्ह एकाने घेतला, सोडला, दुसऱ्याने घेतला. इतकं सुरळीत झालं की सांगण्यासारखं काही उरलं नाही. "चाचणी"ला निरोप दिला. साहेब म्हणाले, बघा, उगाच माणूस मागत होतात. मी कधीच मागितला नव्हता.

रोज संध्याकाळी ताईचा फोन येतो. जेवलास का, एवढंच विचारते. मी हो म्हणतो, कधीकधी ते खरंही असतं.

२७ मार्च, शनिवार

सकाळी दाराची घंटा वाजली. मला वाटलं मिस्त्री आला, उरलेलं काहीतरी मागायला. भाची होती. इस्त्रीचा शर्ट, काखेत लॅपटॉप, पाठीवर सॅक.

विद्यापीठाने पुन्हा मुलाखत ठेवली होती, आज अकराला. घरी खोली आता तिची तिला परत मिळाली आहे, पण रस्ता खणणारे मागच्या बाजूला आलेत. "तुझ्याकडे शांत असतं ना मामा," ती म्हणाली. हे तिने टोमण्यासारखं म्हटलं का सरळ, ते मला कळलं नाही. टोमणा असेल तर तिचा हक्कच आहे.

मी तिला आईची खोली दिली. टेबल तिथेच होतं, त्यावर माझा संगणक, ऑफिसची कागदपत्रं, सकाळचा कप. सगळं उचलायला गेलो तर ती म्हणाली, फक्त कप ने, बाकीचं राहू दे, कॅमेऱ्यात दिसत नाही. तिने दार लावून घेतलं.

मी स्वयंपाकघरात बसलो. किटली शिट्टी घालते म्हणून चहा टाकला नाही. नळाखाली भांडं होतं, ते तसंच राहू दिलं. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्च्या ओढायला लागलं तेव्हा वर गेलो आणि ज्यांच्याशी आजवर एक शब्द बोललो नव्हतो त्या आजोबांना हात जोडले. जिन्यात दोन पोरं उड्या मारत होती. त्यांच्यासमोर तोंडावर बोट ठेवून उभा राहिलो. तसा उभा असताना मला भाऊजी आठवले, भर उन्हात, गाडीपासून थोडं लांब. मग परत येऊन बसलो.

दारापलीकडून तिचा आवाज येत होता. गांधीलमाशी घर कसं बांधते ते ती सांगत होती, जराही न अडखळता. त्या खोलीतून माणसाचा आवाज ऐकून मला वर्ष झालं होतं.

तेवढ्यात माझा फोन थरथरायला लागला, साहेबांचा होता. बिलांचा पाहुणा रुसलाय, ताबडतोब बघा. बघायचं तर संगणक त्या खोलीत. पुन्हा फोन. मग मेसेज, उद्गारचिन्हांसकट. मी दारापर्यंत गेलो आणि माझा हात वाजवायला वरही झाला होता.

दार आतूनच जरासं उघडलं. भाचीने डोकं बाहेर काढलं. डोळे चमकत होते. ती कुजबुजली, "मामा, ते अजून विचारताहेत. आणखी अर्धा तास लागेल. तुला खोलीत काही काम नाही ना?"

खिशात फोन थरथरत होता.

"असू दे गं," मी म्हटलं. तिने दार लावलं, आणि मी फोन बंद करून पुन्हा जिन्यात जाऊन उभा राहिलो.